गुपचूप निघून जाऊ नका, सांगून जा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शिकायला, नोकरीला बाहेर जाणाऱ्यांसाठी तुमच्या पेपरात बरंच काही छापून येतं, कागदपत्रं कुठली लागतात, बॅगेत काय भरायचं, तिकडे गेल्यावर राहायची सोय कशी करायची वगैरे, आणि ते उपयोगाचंही असतं. पण माणसं एकमेकांपासून निघतात तो जो क्षण असतो ना, दारातला, फाटकावरचा, नाहीतर हॉस्पिटलच्या खाटेजवळचा, त्याबद्दल कुणी धड बोलतच नाही. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. लांबलंय, जागा बघून छापा, फक्त लहान मुलांबद्दलचा भाग कापू नका एवढी विनंती.

मी बरीच वर्षं पाळणाघर चालवते, त्यामुळे रोज सकाळी माझ्या दारात निरोपच निरोप असतात. आई किंवा बाबा मुलाला घेऊन येतात, मूल खेळण्यांकडे वळतं, आणि तेवढ्यात ते माझ्याकडे बघून डोळ्यांनीच खूण करतात की आता सटकतो, आणि चपला हातात घेऊन आवाज न करता बाहेर. हेतू चांगलाच असतो, मूल रडू नये एवढाच. पण त्यानंतरची पाच मिनिटं त्यांना दिसत नाहीत, ती मला दिसतात. मूल मान वर करून बघतं, जिथे आई उभी होती तिथे आई नाही. लगेच रडत नाही हो ते, आधी शोधतं. पडद्यामागे बघतं, दारामागे बघतं, बाथरूमचं दार ढकलून बघतं, आणि मग माझ्याकडे वळून जे रडतं ते ऐकवत नाही. आणि खरी गंमत दुसऱ्या दिवशी कळते, गंमत तरी कशाला म्हणू, जीव तुटतो बघून. दुसऱ्या दिवशी ते मूल खेळण्यांकडे वळतच नाही. आईच्या कपड्याचं टोक मुठीत घट्ट धरून बसतं, कारण त्याला पक्कं समजलेलं असतं की आपण पाठ फिरवली की आपलं माणूस नाहीसं होतं.

जे पालक सांगून जातात त्यांचीही मुलं रडतात, खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवसांत तर जास्त जोरात रडतात. पण ते रडणं संपतं. "मी आता कामाला जातेय, तू झोपून उठलास की मी येणार" असं डोळ्यात बघून सांगायचं, एकदा जवळ घ्यायचं आणि निघायचं. पाच वाजता येते असं सांगून उपयोग नाही, त्याला पाच म्हणजे काय ते कुठे कळतं, झोप झाली की येणार हे बरोब्बर कळतं. आणि एकदा निघालात की निघा, रडण्याचा आवाज ऐकून तीनदा परत येऊ नका, त्याने मुलाला वाटतं की अजून थोडं ओरडलो तर आई थांबेल, आणि मग सगळ्यांचेच हाल. आणि सांगितलेल्या वेळी या. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण मूल तुमच्या निरोपावर विश्वास ठेवतं ते तुम्ही परत आलात म्हणूनच.

हे मी काही मनाचं सांगत नाहीये. जेम्स रॉबर्टसन नावाचे एक समाजकार्यकर्ते १९४८ पासून लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये जॉन बोल्बी या मानसोपचारतज्ज्ञांबरोबर काम करत होते. त्या काळात तिथल्या बऱ्याच हॉस्पिटलांत लहान मुलांना भेटायला आईवडिलांना अगदी कमी येऊ द्यायचे, काही ठिकाणी आठवड्यातून एकदाच, आणि कारण काय तर आईवडील भेटून गेले की मुलं रडतात आणि आलेच नाहीत तर शांत राहतात. रॉबर्टसन वॉर्डात बसून बघत राहिले. त्यांना दिसलं की मूल आधी आकांत करतं, मग खचतं आणि गप्प पडून राहतं, आणि मग एक दिवस नर्सशी हसायला खेळायला लागतं, आणि आई आली की तोंड फिरवतं. हॉस्पिटलवाले म्हणायचे की मूल रुळलं. बोल्बी आणि रॉबर्टसन यांचं म्हणणं असं की मुलाने आईची आस सोडलीये, आणि हीच अवस्था सगळ्यात काळजीची. १९५२ साली रॉबर्टसननी हॉस्पिटलात एकट्या राहिलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचं चित्रीकरण डॉक्टरांपुढे दाखवलं तर बरेच जण चिडलेच त्यांच्यावर. पण १९५९ मध्ये तिथल्या सरकारी समितीने, प्लॅट समिती तिचं नाव, शिफारस केली की मुलांना भेटायला आईवडिलांवर बंधन नको आणि लहान मुलाजवळ आईला राहता यावं. आज आपण मुलाच्या खाटेशेजारी खुर्ची टाकून बसतो ना, त्यामागे एवढी भांडणं झालेली आहेत.

आता माझं म्हणणं असं की आपण मोठी माणसं पण मुलांशी जे करतो तेच एकमेकांशी करतो. "मला निरोप-बिरोप आवडत नाही", "उगाच रडारड नको", "परत भेटणारच आहोत ना, त्यात काय एवढं" असं म्हणत माणसं निघून जातात. वर्षानुवर्षं शेजारच्या टेबलावर बसलेला माणूस शुक्रवारी नेहमीसारखी बॅग उचलून जातो आणि सोमवारी कळतं की नोकरी सोडली. मध्यरात्री ग्रुपवर दोन ओळींचा मेसेज येतो आणि खाली ग्रुप सोडल्याची ओळ. जाणाऱ्याला वाटतं मी सगळ्यांचा त्रास वाचवला, पण त्रास वाचत नाही, तो फक्त मागच्यांच्या वाट्याला जातो, आणि वर एक प्रश्न देऊन जातो की आम्हाला सांगावंसं पण वाटलं नाही का. अपुरा निरोप हा असा दार नुसतं लोटून ठेवल्यासारखा असतो, रात्रभर हलत राहतं ते.

यावरही अभ्यास झालाय. गॅब्रिएले ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या कामात असं मांडलं की शेवट नीट झाला, म्हणजे जे करायचं बोलायचं ते सगळं केलं, काही राहिलं नाही असं वाटलं, तर माणसाला बरं वाटतं, हळहळ कमी राहते आणि पुढच्या टप्प्यात पाऊल टाकणं सोपं जातं. मला यातला "काही राहिलं नाही" हा भाग फार पटतो. रडू आलं की नाही आलं याचा हिशोब नाहीये हा. रडूनही निरोप छान होऊ शकतो, आणि हसतखेळत पार्टी करून, सगळ्यांचे फोटो काढूनही जे बोलायचं ते राहूनच जाऊ शकतं. बऱ्याच निरोपसमारंभात तेच होतं, चाळीस माणसं आणि एकाशीही धड दोन वाक्यं नाहीत.

मग काय बोलायचं, असं मला पालकही विचारतात. माझं साधं उत्तर, भांडण असेल तर आधी ते. कुटुंबाबरोबर देशोदेशी फिरत वाढलेल्या मुलांबरोबर आयुष्यभर काम केलेले डेव्हिड पोलॉक म्हणून होते, ते गाव बदलणाऱ्यांना जे सांगायचे त्यात पहिली गोष्ट हीच होती, जायच्या आधी ज्यांच्याशी बिनसलंय त्यांच्याशी मिटवा. कारण अंतर पडलं की भांडण विरघळतं असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात ते आपल्याबरोबर बॅगेतून जातं. त्यानंतर ज्याने आपल्यासाठी काही केलं त्याला ते नाव घेऊन सांगायचं, नुसतं थँक्यू सगळ्यांना असं नाही, अमुक वेळी तू माझ्यासाठी रात्री हॉस्पिटलात बसला होतास ते मी विसरलेलो नाही, असं. आणि माणसांचाच निरोप घ्यायचा असंही नाही, मुलांना तर त्यांच्या खोलीचा, झाडाचा, कुत्र्याचा पण घेऊ द्यावा. पाळणाघर सोडून जाणारी एक चिमुरडी प्रत्येक खेळण्याला हात लावून "बाय" म्हणत फिरली होती, तिची आई घड्याळ बघत होती आणि मी आईला म्हटलं, थांबा, होऊ द्या तिचं.

आता मागे राहणाऱ्यांबद्दल, ज्यांना कुणी विचारत नाही. जो जातो त्याच्या हाताला काम असतं. नवं घर, नवे रस्ते, नवी माणसं, दिवस कसा संपतो कळत नाही त्याला. आठवण त्यालाही येते, घराची ओढ इतकी खरी गोष्ट आहे की १६८८ साली स्वित्झर्लंडमध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने तिच्यावर आजार म्हणून प्रबंध लिहिला होता. पण मागे राहिलेल्याला सगळं तेच असतं, तेच घर, तीच वेळ, फक्त त्यातून एक माणूस काढून घेतलेलं. माझा मुलगा शिकायला गेला तेव्हा त्याच्या खोलीत भिंतीला चार्जरची वायर लटकत राहिली होती आणि बटण चालू होतं. मी रोज झाडू मारताना ते बघायची आणि बंद करायची नाही. लोक भेटले की विचारायचे, रमला का तो तिकडे, सेट झाला का, आणि मी उत्साहाने सांगायची. "तू कशी आहेस" हे मला विचारलं ते एका मैत्रिणीने, आणि तिथे जिन्यातच मी रडून घेतलं, फार हलकं वाटलं. तर ज्यांच्या घरातून नुकतंच कुणी गेलंय त्यांना जाणाऱ्याबद्दल विचारा, पण त्यांच्याबद्दलही विचारा, आणि हे पहिल्या दिवशी नको, पहिल्या दिवशी घर भरलेलं असतं, दोनतीन आठवड्यांनी फोन करा, जेव्हा बाकीच्यांचे फोन थांबलेले असतात.

अशा दिवसांत लोक दोन टोकांचे सल्ले देतात. एक म्हणतात मन गुंतव, कामात राहा, विचारच करू नको, दुसरे म्हणतात मोकळं रडून घे, मनात ठेवू नको. नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये शोकाबद्दल जे मांडलं त्यात या दोन्ही गोष्टींना जागा आहे. त्यांच्या मते माणूस दुःखाकडे आणि रोजच्या जगण्याकडे असा ये-जा करत असतो आणि तसं करणंच निरोगी आहे. त्यांनी ते जोडीदार गेलेल्यांबद्दल लिहिलं, पण मला ते दूर गेलेल्या मुलांच्या आईबापांनाही लागू पडतं असं वाटतं. म्हणजे सकाळी रडलात आणि संध्याकाळी टीव्ही बघून खळखळून हसलात तर तुम्ही खोटे नाही, आणि चार महिने बरे गेले आणि एक दिवस अचानक भरून आलं तर तुम्ही मागे गेलात असंही नाही. ते पाच पायऱ्यांचं जे सगळीकडे फिरतं ना, नाकारणं, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार, ते एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ साली मृत्यूच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून लिहिलं होतं. मागे राहिलेल्या प्रत्येकाने त्या पायऱ्या ओळीने चढल्याच पाहिजेत असं काही नाही, त्यामुळे तुमचा राग राहूनच गेला म्हणून कुणी काळजी करत बसू नये.

मित्रांचं थोडं वेगळं आहे. घरच्यांशी दोनचार महिने बोलणं झालं नाही तरी नातं तसं टिकतं, मैत्री मात्र वाळायला लागते. रॉबिन डनबार आणि सॅम रॉबर्ट्स यांनी शाळा संपवून बाहेर पडलेल्या मुलामुलींवर १८ महिने लक्ष ठेवलं होतं, त्यात असंच दिसलं की नातेवाईकांशी जवळीक टिकते आणि मित्रांशी कमी होते, आणि मुलींची मैत्री बोलत राहिल्याने टिकते तर मुलांची एकत्र काहीतरी करत राहिल्याने. हे वाचल्यावर मला माझ्या नवऱ्याचं एकदम कळलं, त्याचा मित्र दुसऱ्या गावी गेला तर दोघं फोनवर "काय चाललंय", "काही नाही, तुझं" करून ठेवून द्यायचे, आता रविवारी दोघं ऑनलाइन बुद्धिबळ खेळतात आणि तासभर हूं की चूं न करता मजेत असतात. तेव्हा "टचमध्ये राहू" एवढंच म्हणून सोडू नका, कधी आणि कशासाठी ते निघायच्या आधीच ठरवा. आणि जे टिकणार नाहीत ते मित्र पण असतात, सगळेच आयुष्यभर बरोबर येत नाहीत, त्यांचाही निरोप मग मनापासून घ्यावा.

सगळ्यात अवघड तो शेवटचा निरोप. इथेही आपण चपला हातात घेऊनच उभे असतो. पेशंटला माहीत असतं, घरच्यांना माहीत असतं, आणि सगळे मिळून "तू बरी होऊन घरी येणार" म्हणत राहतात. माझ्या मावशीने हे चालू दिलं नाही. तिने आम्हाला एकेकाला आत बोलावलं, दार लावायला लावलं आणि प्रत्येकाशी तिच्या भाषेत बोलली, मला म्हणाली, तुझ्या आईचं आणि माझं त्या घरावरून झालं ते आम्ही दोघींनी कधीच सोडून दिलंय, तुम्ही मुलं ते उकरू नका, आणि मग उशी सरळ करायला सांगितली. बाहेर आलेला प्रत्येक जण रडत होता पण ती गेल्यावर आमच्यात एकही वाद झाला नाही. अमेरिकेतले आयरा बायॉक हे डॉक्टर, ज्यांनी असाध्य आजाराच्या पेशंटांची सेवा करण्यात आयुष्य घालवलं, ते सांगतात की मरणाऱ्या माणसाशी बोलायच्या गोष्टी फार थोड्या असतात, मला माफ कर, मी तुला माफ केलं, तुझे उपकार आहेत, माझा तुझ्यावर जीव आहे. एवढंच. बोलायला दोन मिनिटं लागत नाहीत आणि आपण आयुष्यभर पुढे ढकलतो.

आणि पेशंट बोलत नसेल, डोळे उघडत नसेल, तरी बोला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की शेवटच्या तासांत, काहीच प्रतिसाद देत नसलेल्या काही पेशंटांचा मेंदूही आवाजाला प्रतिसाद देत होता. त्यांना शब्द समजतात असं त्यातून सिद्ध होत नाही, पण मला तेवढंही पुरेसं आहे. त्याच वर्षी कोविडमध्ये किती जणांना हेही मिळालं नाही, फोन नर्सने धरलेला, पलीकडून घरचे बोलतायत आणि मध्येच आवाज तुटतोय. ज्यांचं तसं झालं, किंवा अपघातात माणूस गेलं, त्यांना सगळे म्हणतात आता विसर. विसरायची काही गरज नाही. डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली हेच ठामपणे मांडलं की गेलेल्या माणसाशी नातं पूर्ण तोडणं हे बरं होण्याचं लक्षण नाही, नातं राहतं, फक्त बदलतं. बोलायचं राहिलं असेल तर ते लिहा, मोठ्याने वाचा, फोटोसमोर बोला, कुणाला काय वाटेल याची पर्वा करू नका.

एक निरोप असाही असतो जो संपतच नाही. पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासकांनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरच्यांबरोबर काम केलं होतं, माणूस आहे की गेलं हेच माहीत नाही, मग रडायचं तरी कसं. त्यांचं पुढचं म्हणणं असं की स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या घरात याच्या उलट होतं, माणूस समोर बसलेलं असतं आणि तरी आपल्याला ओळखत नाही. माझ्याकडे नातवाला सोडायला येणाऱ्या एका आजी रोज घरी जाऊन नवऱ्याला आपलं नाव सांगतात. त्यांना कुणी सुट्टी देत नाही, सांत्वनाला कुणी येत नाही, कारण घरात मरण झालेलं नाही ना. अशा माणसांना बॉस सांगतात की यात तुमचं काही चुकलेलं नाही, परिस्थितीच अशी आहे जिला शेवट नाही, आणि हे नुसतं कुणीतरी आपल्याला सांगणं यानेही मोठा भार उतरतो, त्या आजींचा चेहरा मी पाहिलाय.

संपादक साहेब, माझी विनंती साधी आहे. जाणाऱ्यांसाठी पुरवणी काढता तशी मागे राहणाऱ्यांसाठी महिन्यातून एकदा अर्धं पान द्या. नुकतीच मुलं बाहेर गेलेले आईवडील, बदलीमुळे शाळा आणि मित्र सुटलेली मुलं, स्मृतिभ्रंश झालेल्यांची सेवा करणारे, यांना लिहू द्या, आणि एखाद्या समुपदेशकाला त्यांच्या पत्रांना उत्तरं द्यायला सांगा. आमच्या पाळणाघरातले पालक पहिली काही पत्रं लिहायला तयार आहेत, मी विचारून ठेवलंय.

कळावे,
आपली एक नियमित वाचक